खिडकी कुठे बघते

पुएर्तो मोन्तचा मासळीबाजार संपतो
तिथे तिसऱ्या खांबापाशी माझा ठेला.
गिऱ्हाईक आलं की मी आधी भाव सांगत नाही,
विचारतो : तुमची खिडकी कुठे बघते?

लोक हसतात. बघणार कुठे, समोरच्या भिंतीकडे.
तरी मी विचारतोच.
आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, तेही मनात असेल तेव्हा.
त्या खिडकीत नेचा ठेवलात तर पंधरवड्यात पापड होतो,
आणि नाव नोल्बेर्तोचं खराब.

शिवाय लाकडाची शेगडी, घरोघर,
एप्रिलला पेटली की ऑक्टोबरपर्यंत विझत नाही.
बाहेर इतका पाऊस की कुत्रीसुद्धा कंटाळलेली
आणि आत हवा शिळ्या पावासारखी कोरडी.
हंसराज तर नावाचाच राजा.
काळ्या केसासारखे देठ, आणि मिजास केवढी!
शेगडीच्या खोलीत एक रात्र काढली की सकाळी चुरा.
तो मी सहसा विकत नाही, दाखवतो फक्त.

एका बाईने नेच्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके
कीड समजून ओल्या फडक्याने पुसून काढले, एकूण एक.
म्हटलं, सेन्योरा, बी होतं ते त्याचं.
मग असं पाठीमागे का लपवायचं, ती म्हणाली.
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ओतिलिया वाइकिन आली मे महिन्यात.
चिलोए बेटावरची. पाण्यातल्या खांबांवरचं घर विकून
मुलाने आणली होती तिसऱ्या मजल्यावर.
तिला फ्युशिया हवी होती.
तिकडे ओढ्याकाठी माजते, चिल्को म्हणतात,
गाईदेखील मान वर करून बघत नाहीत.
ती पैसे देऊन घ्यायची म्हणून जरा लाजत होती.
मी दुहेरी पाकळ्यांची काढली, जांभळ्या घेरदार झग्याची,
मोसमातलं शेवटचं फूल.
तिने ते एका बोटाने उचलून आत पाहिलं
जसे माशाचे कल्ले पाहतात.
"फार कपडे घातलेत हिने."

खिडकी कुठे बघते?
तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.
तिकडचं विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं :
स्वयंपाकघराची भरतीकडे, निजायच्या खोलीची चर्चकडे.
इथे आठ महिने पडदा ओढलेलाच.
"बघून येते," म्हणाली, आणि रिकाम्या हाताने गेली.

पुढच्या सोमवारी पावाच्या पिशवीवर
अख्खा रविवार पेन्सिलीने लिहून आणला :
आठला अंधार.
साडेदहाला तळहाताएवढं ऊन, टेबलाच्या पायाशी.
बाराला गेलं.
मग शेजारणीच्या चादरी.
तीनला पाऊस. समोरच्या खिडकीत एक म्हातारा.
त्याने हात केला.
चारला पत्र्यावरून उलटून आलेला पांढरा उजेड.

पूर्वेची, मी म्हटलं, फ्युशियाला याहून बरी मिळायची नाही.
पण शेगडीपासून लांब. आणि कळ्या धरल्या की कुंडी फिरवू नका,
तोंड वळवलं की रुसते, सगळं टाकून देते.
हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतील,
मेली समजून फेकाल.
"मला सांगतोस?"
साध्या पाकळ्यांची घेतली तिने, लाल-जांभळी, कुंपणावरची वाटावी अशी,
आणि न्हाणीघरासाठी एक नेचा,
ज्याला आम्ही गाईची फासळी म्हणतो.

नोव्हेंबरात परत आली, मुठीत काडेपेटी.
उघडली तर आत सात कळ्या, न उमललेल्या.
"फिरवलीत," मी म्हटलं.
"फिरवली."
"सांगितलं होतं ना?"
"सगळी फुलं माझ्याकडे तोंड करून येणार होती," ती म्हणाली,
"आणि त्याला काय, देठं?"

मी काही बोललो नाही. मागच्या फळीवरून दुसरी काढली,
जिला अजून कळी नव्हती.
म्हटलं, ही पहिल्या दिवसापासून तिकडे तोंड करून ठेवा.
मग भाव सांगितला. तिने घासाघीस केली, चांगलीच.

नेचा ठीक आहे म्हणे.
त्याला कोणी बघावं असं नसतं फारसं.